चौथ्या क्रमांकाचं हत्यार

“...मग या चारांतलं पहिलं कोणतं, ते तुम्हीच सांगा, मास्तर. सत्तावीस कसोट्या लावल्यात मी.”

गणोरकर मास्तर शेंगा फोडत होते. टरफल मोडल्याचा आवाज, मग दाणे ताटलीत पडल्याचा.

सारंग पिंजरकर नागपूरहून परतवाड्याला एसटीने पाच तास हाडं खिळखिळी करून आला होता, तो या प्रश्नासाठी. खरं तर प्रश्नासाठीही नाही. उत्तर त्याच्या खिशातच होतं. त्याला फक्त शाबासकी हवी होती.

मास्तर जन्मापासून अंध, सारंगही तसाच. अकरा वर्षांच्या सारंगची बोटं की-बोर्डवर पहिल्यांदा ठेवली ती मास्तरांनी, अंधशाळेत. आता सारंग एका संस्थेत नोकरीला होता. दिसत नाही अशा माणसाला कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं जो वाचून दाखवतो, त्या स्क्रीन रीडरची काही सॉफ्टवेअरपुढे बोबडी वळते. मग कुठे काय वाचायचं हे त्याला शिकवणारी स्क्रिप्ट लिहावी लागते. सारंग त्या लिहायचा. आणि त्या लिहिणं सोपं जावं म्हणून बाहेरच्या लोकांनी जी सॉफ्टवेअरची हत्यारं तयार केली आहेत, ती ताडून पाहायचं काम संस्थेने त्याच्यावर सोपवलं होतं.

ताडून पाहायला खरं कामही दिलं होतं. एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर एक अंध बाई बसायच्या. तिथे नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्यांचा स्क्रीन रीडर ‘बटन, बटन’ एवढंच म्हणू लागला. सोमवारपर्यंत स्क्रिप्ट आली नाही तर खिडकी दुसऱ्या कोणाला तरी जाईल आणि बाईंनी आत फायलींच्या खोलीत नुसतं बसून राहायचं, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

आज गुरुवार होता.

“एक एक सांग,” मास्तर म्हणाले.

सारंगने लॅपटॉप उघडून अहवाल लावला. मशीन भरधाव वाचायला लागलं. इतक्या वेगाने ऐकणारा संस्थेत तो एकटाच, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“थांबव बाप्पा. माह्या कानाले आता पळता येत नाही. तूच सांग तोंडानं.”

“कॅनडावाल्याचं पहिलं. दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द तेच सुचवतं. चूक कोणत्या ओळीत आहे, तेही सांगतं. बंगळुरूच्या पोरांचं दुसरं. वेगवान आहे, पण मदतीची पानं लिहायला विसरलेत. जर्मन बाईंचं तिसरं. मजबूत आहे, पण त्यात लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवर चालवायची, तर ते हत्यारही तिथे बसवावं लागतं.”

“अन् चौथं?”

सारंगला हसू आलं.

“चौथं आपलं असंच घेतलं. संस्थेच्या कपाटात जुन्या सीडीवर सापडलं. ‘सोबत’ नाव आहे. कोणी केलं, पत्ता नाही. केलेलं मागे घेता येत नाही. सेव्ह करताना दोनदा बंद पडलं. आणि कहर म्हणजे, नवी फाईल उघडायला गेलं की विचारतं, ‘कोणासाठी?’ नाव टाकल्याशिवाय पुढे सरकतच नाही. नाव टाकलं की आणखी एक रकाना, ‘माणूस कसा?’ तोही भरायचाच. करणाऱ्याला स्क्रिप्ट लिहायची होती की सोयरीक जुळवायची होती, कोण जाणे.”

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

“मग तू काय टाकलं?”

“क ख ग. दोन्हीकडे.”

“घेतलं त्यानं?”

“घेतलं की. त्याला काय कळतंय.”

“हो...” मास्तर म्हणाले. “तेवढी खोट राहूनच गेली त्यात.”

सारंगच्या ते डोक्यावरून गेलं. तो कॅनडावाल्याचे आणखी गुण सांगायला लागला होता. मास्तर उठले. त्यांची चप्पल आतल्या खोलीकडे गेली. कापड ओढल्याचा आवाज झाला आणि मग एक पंखा घरघरत सुरू झाला, जुन्या कॉम्प्युटरचा.

“इकडे ये.”

उंबऱ्याशी आल्याबरोबर तापत्या धुळीचा वास आला आणि सारंगला एकदम सगळं आठवलं. रविवारी हॉस्टेलची आठ पोरं याच खोलीत असायची. मशीन एकच, म्हणून भिंतीला पाठ लावून रांगेत बसायचं. आपली पाळी येईपर्यंत मास्तरांच्या पत्नी, काकू, सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा देत जायच्या. कोणाला मिरची चालत नाही, हे त्यांना न विचारता माहीत असायचं. सारंगच्या बशीत कधीच मिरची नसायची. पुढे कितीतरी मोठ्या हॉटेलांत तो जेवला, पण तसं न सांगता कोणी लक्षात ठेवलं नाही.

मास्तरांनी चारदोन बटनं दाबली.

“कोणासाठी?”

मशीनचा आवाज नव्हता तो. बाईमाणसाचा होता, जरा सर्दी झालेला. मागे कुकरची शिट्टी अर्धवट वाजून तुटली होती.

सारंग मशीनच्या जवळ सरकला.

“हे... काकू.”

“हं.”

“माझ्या सीडीत आवाज नव्हता, मास्तर.”

“सीडी फ्लॉपीवरूनच झाली, अन् फ्लॉपीत आवाज मावत नव्हता. लोकाईले वाटताना काढून टाकावा लागला.”

काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा सारंगला यायला जमलं नव्हतं. कसलं तरी महत्त्वाचं काम होतं. ते काय होतं, हे आज त्याला आठवेना.

“मी स्क्रिप्ट लिहायले बसलो की ती चहा घेऊन यायची,” मास्तर म्हणाले. “दारातच विचारायची, कोणासाठी चाललं? नाव सांगितलं की म्हणायची, माणूस कसा आहे? मले सांगता नाही आलं, की चहा वापस.”

“चहा वापस?”

“वापस. लय चहा बुडाले माहे... मग तिलेच बसवलं मशीनमंदी. म्हटलं, मी चुकवीन, मशीन काही चुकवू देणार नाही.”

सोयरिकीचं ते बोलणं आठवून सारंगचे कान तापले. माफी मागावी असं त्याला फार वाटलं. पण मास्तर त्यासाठी थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही रकान्यांची जुनी यादी उघडली. जुना स्क्रीन रीडर वाचू लागला. परदेशी तोंड त्याचं, मराठी नावांची पार वाट लावत होता.

“दिगंबर वाठ. टेलिफोन. मधे बोललेलं खपत नाही.”

“रुखसाना. शाळा. चूक झाली तर पोरांसमोर सांगू नये.”

“नारायण धुर्वे. बँक. नोकरी नवी, घाबरतो. हळू.”

“यमुना. काम नाही. संध्याकाळी वाचून दाखवायला कोणी नाही.”

नावामागून नाव येत होतं. कोणी निवृत्त झालेलं, कोणी गेलेलं, कोणाचा पत्ता बदललेला. मास्तर ऐकता ऐकता एखाद्या नावाला ‘हं’ म्हणत, ओळखीचं कोणी रस्त्यात भेटावं तसे. त्या ‘हं’मध्ये इतकी माया होती की सारंगला हेवा वाटला. त्याने आजवर साठ-सत्तर स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. त्यातला एकही माणूस त्याला आठवत नव्हता. सॉफ्टवेअरची नावं मात्र पाठ होती.

मास्तरांनी कंट्रोलचं बटन दाबलं. ते दाबलं की स्क्रीन रीडर असेल तिथे गप्प होतो.

“आता तुझं टाक.”

“कोणासाठी?” काकूंनी विचारलं.

सारंगची बोटं की-बोर्डवर होती... तिथेच राहिली. मग त्याने मोबाईलवर संस्थेचं पत्र शोधलं, पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं आणि नाव लिहिलं. शेवंता घोडके.

खालच्या रकान्यापाशी घोडं अडलं. माणूस कसा?

क ख ग टाकायला आता हात धजेना.

“फोन लाव,” मास्तर म्हणाले.

“आत्ता? कामाची वेळ आहे त्यांची.”

“म्हणूनच.”

सारंगने फोन स्पीकरवर लावला. पलीकडे गलका होता, शिक्के आपटत होते, कोणाचं तरी पोर रडत होतं. सारंगने आपलं आणि संस्थेचं नाव सांगितलं.

“झालं का, सर?” शेवंताबाईंनी एकदम विचारलं.

“झालंय... म्हणजे, झाल्यात जमा आहे, ताई.”

“बरं.”

नुसतं ‘बरं’. पण त्यात सोमवार होता, हे सारंगला ऐकू आलं. मास्तरांनी फोन आपल्याकडे ओढला.

“बाई, मी याचा मास्तर बोलून राहिलो. फोन कापू नका. तसाच बाजूले ठेवा अन् आपलं काम करा. आम्ही नुसतं ऐकतो.”

हे सारंगला नवं नव्हतं. पूर्वी मास्तरांकडे कॅसेट यायच्या, कुठून कुठून, टपालाने. स्क्रिप्ट हवी असणारा माणूस आपल्या तासाभराच्या कामाचं सगळं ध्वनिमुद्रण करून पाठवायचा. मास्तर ती आधी पूर्ण ऐकायचे. खुर्चीची करकर, साहेबांचं खाकरणं, सगळं. पोरांना भयंकर कंटाळा यायचा. एकदा सारंग ऐकता ऐकता झोपून गेला होता आणि काकूंनी त्याच्या अंगावर चादर टाकली होती. आज मात्र तो ताठ बसून ऐकत होता.

“नाव सांगा, बाबा.”

कोणी म्हातारा काहीतरी पुटपुटला. “बटन, बटन,” बाईंच्या हेडफोनमधलं मशीन फोनपर्यंत ऐकू आलं.

“बाबा, पुन्हा सांगा.”

पुन्हा पुटपुट. पुन्हा मशीन मध्ये.

“अजून एकदा, बाबा.”

“कितीदा सांगू, बाई? तुम्हाले ऐकू येत नाही, का डोयानं दिसत नाही?”

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

“दिसत नाही, बाबा,” शेवंताबाई म्हणाल्या. “ऐकू येते. सांगा.”

सारंगने मान खाली घातली.

त्याची स्क्रिप्ट कालच तयार झाली होती, पहिल्या क्रमांकाच्या हत्यारात. उद्या ती अहवालाबरोबर पाठवायची होती. तिच्यात त्याने एक्केचाळीस घोषणा बसवल्या होत्या. आता नावाचा रकाना, रकाना एक, एकूण चौदा, भरणं आवश्यक, तारीख ही, वेळ ही. एकही न चुकता बोलणारी स्क्रिप्ट म्हणून संस्थेत त्याचं कौतुकही झालं होतं. त्या म्हाताऱ्याच्या नावावर या एक्केचाळीस घोषणा कोसळताना त्याने मनातल्या मनात ऐकल्या. सोमवारी बाईंची खिडकी वाचली असती, तरी मंगळवारी ती याच स्क्रिप्टने गेली असती.

तासाभराने रांग ओसरली. शेवंताबाईंनी फोन उचलला.

“ऐकलं का, सर?”

“ऐकलं.” “ताई, मशीनने तुम्हाला काय काय सांगावं?”

असा प्रश्न त्यांना आजवर कोणी केला नसावा.

“सांगणं कमीच ठेवा, सर. माझ्याकडे म्हातारे लोक येतात, दुखणाईत. आवाज निघत नाही त्यांचा. एका कानात मशीनचा हेडफोन, दुसऱ्या कानात माणूस. माणूस बोलत असला की मशीननं गप राहावं. मी बोट लावून विचारलं की मग सांगावं. एवढं जमलं न, तर ही खिडकी मी कोणाले देत नाही.”

“जमेल.”

“सोमवारच्या आत?”

“शनिवारी तुमच्या मशीनवर असेल. मी स्वतः येतो घेऊन.”

“या,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याचा चहा काही चांगला नसते, पण या.”

फोन बंद झाला. सारंगने लॅपटॉपवर ती स्क्रिप्ट शोधली. डिलीट दाबलं. खरंच काढायचं का, असं मशीनने विचारलं. त्याने हो म्हटलं. तीन आठवडे गेले होते त्यात. वाईट वाटलंच, पण थोडंसंच. मग तो जुन्या मशीनकडे वळला आणि ‘माणूस कसा?’ या रकान्यात लिहिलं, ‘रागावलेल्याशीही नीट बोलते. आधी माणसाचं ऐकते.’

रकाना भरला गेला. मशीन पुढे सरकलं.

पंख्याची घरघर चालूच होती. काकू असत्या तर आत्ता कप आला असता, असं सारंगला वाटलं. मास्तरांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांची खुर्ची दाराकडे करकरली.

“मास्तर, अहवाल बदलतो. ‘सोबत’ पहिलं लिहितो.”

“खोटं लिहू नको. दोनदा बंद पडलं न ते? चौथंच राहू दे.”

“पण...”

“चौथंच आहे ते. मी केलं आहे, मले माहीत नाही का?”

सारंगने लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला, पट्टा खांद्याला लावला. साडेचारची एसटी होती. दारापर्यंत गेला आणि थबकला. तीन आठवडे, सत्तावीस कसोट्या, पाच तासांचा प्रवास, आणि ज्यासाठी आला ती शाबासकी तर नाहीच, उत्तरही हाती लागलं नव्हतं.

“मास्तर, रात्री लिहायला बसायचंय. निदान एवढं तरी सांगा. या चारांतलं हातात कोणतं घेऊ?”

मास्तरांनी जुनं मशीन बंद केलं.

“खिडकीकडे त्या बाईचा कोणता कान असते, ते विचारलं का तू?”