दळपत राजाची हरवलेली नदी

एकदा काय झालं, एका राजाची नदीच हरवली. थांबा, आधी पाय पांघरुणात घ्या. हं. तर राजाचं नाव दळपत. त्याचं राज्य चुनखडीच्या डोंगरावर. चुनखडी म्हणजे तो पांढरट दगड, जो भट्टीत भाजून पानाला लावायचा चुना करतात, तोच.

राजा मनानं चांगला, पण लवकर गोंधळायचा. दोन माणसांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या, तर त्याला दोन्ही खऱ्या वाटायच्या.

एक दिवस नदी वाहत वाहत वडापाशी आली आणि तिथेच जमिनीत शिरली. पुढे नुसती कोरडी वाळू. राजा काठावर उभा राहिला. या बाजूला पाणी, त्या बाजूला नाही. त्यानं डोळे चोळले, पुन्हा बघितलं. तेच. मग आठ दिवसांनी गावचं तळं आटलं, तेही एका दुपारात. मग तर कहर झाला. पागेतली जमीन खचली आणि गवताची अख्खी गंज गोल खड्ड्यात गडप झाली. घोडे चरायला गेले होते म्हणून वाचले, बरं का.

बायका दोन-दोन कोस चालून पाणी आणू लागल्या. दरबारी म्हणाले, "महाराज, खाली तुमच्या मेहुण्यांच्या राज्यात झरा धो धो वाहतोय. त्यांनीच भुयार खणून आपली नदी पळवली."

"मेहुण्यांना तर तुळशीपुरता खड्डा खणता येत नाही," राजा म्हणाला. पण सगळेच म्हणतात म्हणजे असेल, असंही त्याला वाटलं. त्यानं तलवारींना धार लावायला सांगितली. त्या दिवशी मात्र त्यानं ताट तसंच बाजूला सारलं. धाकटी बहीण रत्नावती त्याच घरात दिलेली. तिच्या दारात तलवार घेऊन जायचं कसं?

मग आली चिंधाबाई. ही चुन्याच्या भट्टीवर काम करायची. हात पांढरे, केसही पांढरे. तिनं राजापुढे वाटीत चुनखडीचा चुरा ठेवला आणि वर लिंबू पिळलं. चुरा फसफसला. बुडबुडे आले.

"दगड खाल्ला का लिंबानं?" राजानं विचारलं.

"खाल्ला. पावसाचं पाणीही थोडं आंबट असतं, महाराज. कुजलेल्या पाल्यातून मुरताना आणखी आंबट होतं. जिभेला नाही कळत, पण या दगडाला कळतं. भेगेतून शिरायचं आणि दगड चाटत बसायचं. भेगेचं होतं बीळ, बिळाचं होतं भुयार."

"किती दिवसांत?"

"आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या."

राजा आणखी गोंधळला. मग चिंधाबाईनं त्याला पागेतल्या खड्ड्यात दोर सोडून उतरवलं. मशाली घेऊन शिपाईही उतरले. आत बघतो तर काय, केवढी मोठी गुहा! छताला दगडाची झुंबरं लटकलेली, खालून दगडाचे खांब वर आलेले. लांब अंधारात पाणी खळखळत होतं.

"हा महाल मला न विचारता कुणी बांधला?" राजा म्हणाला.

"पाण्यानं."

"अगं, पाणी दगड खातं म्हणालीस ना?"

"खातं. आणि खाल्लेलं इथे थेंबाथेंबानं परत ठेवतं. थेंब टपकतो, पण कणभर चुना छताला चिकटून राहतो. उरलेला खाली जमतो."

म्हणजे चोरही पाणी आणि गवंडीही पाणी. राजा एका दगडावर बसला. म्हणाला, "बरं. पण ही नदी जाते कुठे?"

शिमग्याचे दिवस होते. पळस फुललेला. चिंधाबाईनं फुलं उकळून कढयाच्या कढया रंग करवला आणि वडाखालच्या विवरात ओतवला. म्हणाली, "तीन दिवस तलवारी भिंतीला राहू द्या."

पहिला दिवस गेला. काही नाही. दुसरा गेला. काही नाही. दरबारी कुजबुजू लागले. राजाला तेही पटायला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी धुरळा उडाला आणि मेणा आला. मेण्यातून रत्नावती उतरली. तिच्या हातात पितळी तांब्या.

"दादा, आमचा झरा सकाळपासून केशरी झालाय. गाव घाबरलंय. हे बघ."

राजानं तांब्यात बघितलं. मग बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. "तुम्ही भुयार नाही खणलं?"

"भुयार? दादा, ह्यांना खिळा ठोकता येत नाही."

राजा मटकन खाली बसला आणि रडू लागला. का ते त्याला नीट सांगता येईना. रत्नावती त्याच्या शेजारी धुळीतच बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग राजानं तलवारी शस्त्रागारात पाठवल्या. खड्ड्यातून गुहेतल्या नदीपर्यंत दगडी पायऱ्या खोदल्या. बायका घागरी भरून वर येऊ लागल्या. पागा घट्ट जमिनीवर नेली. आणि राजा दरवर्षी गुहेत उतरायचा, एका झुंबराला सुतळी लावायचा आणि ते किती वाढलं ते बघायचा. दहा वर्षं झाली, वीस झाली. सुतळी तेवढीच. "चिंधाबाई, हे खरंच वाढतंय ना?" तो विचारायचा. ती म्हणायची, "वाढतंय, महाराज. आपल्यालाच घाई आहे."

डोंगरावरची माणसं सुखानं पाणी प्यायली, डोंगराखालचीही प्यायली. आता तुम्हीही घोटभर पाणी प्या आणि मिटा डोळे.