शेवूच्या बाबांची जपानची सहल

शेवूचे बाबा दोन वर्षं खोकत होते. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही दिवाळी काढतील. पुढची नाही." शेवू दाराआडच उभी होती. दार लोटलं की मुलांचे कानही बंद होतात, असं मोठ्या माणसांना का वाटतं कोण जाणे.

बाबा शहरातल्या जपानी पद्धतीच्या बागेत माळी होते. हिरवंगार शेवाळ, वळणावळणाचा ओढा, त्यात शेंदरी मासे आणि वर एक लहानसा लाकडी पूल, अशी ती बाग. एकदा जपानहून एक म्हातारे माळीबुवा येऊन बाबांना पाइनची छाटणी शिकवून गेले. तेव्हापासून बाबांना जपान बघायचं होतं. आता बागेतलं खुरपण आई करायची, आणि बाबा अंथरुणात पडून शेवूबरोबर सहल ठरवायचे.

त्यासाठी एक वही होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: मोजे, भोक नसलेले.

"तिकडे चपला-बूट दारातच काढतात," बाबा म्हणायचे. "माझा अंगठा बाहेर डोकावला तर सगळ्या गावाचं नाक कापलं जाईल."

दुसऱ्या पानावर होते गरम पाण्याचे झरे, चटईवर बसून हिरवा चहा, आणि दोऱ्यांनी बांधलेले पाइन. बर्फाच्या ओझ्याने मोडू नये म्हणून तिकडे एकेक फांदी वरून दोरीने तोलून धरतात. तिसऱ्या पानावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ही सहल होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी वही भरत चालली होती.

शाळा सुटली की शेवू बागेत आईच्या मदतीला जायची. येणारे-जाणारे खुशाल ओढ्यात कचरा टाकायचे आणि ती तो मुकाट्याने वेचायची. एका दुपारी वेफर्सची एक रुपेरी पिशवी तिने पाण्यातून काढली, तर आत काहीतरी फडफडलं. शेवूने पिशवी हलकेच फाडली. आत होती एक इवलीशी परी. तिचे पंख गुलाबी, कडांना सोनेरी, पण खारट तेलाने पार चिकटलेले. शेवूने फ्रॉकच्या टोकाने एकेक पंख पुसला.

"चकाकलं म्हणून आत शिरले," परी ओशाळून म्हणाली. "तुझं भलं होवो, बाळ. काय हवं तुला?"

"माझ्या बाबांना बरं कर."

परीचा चेहरा उतरला. "आजार बरा करणं माझ्या हातात नाही गं. मी फक्त ने-आण करते."

"मग आम्हाला जपानला ने."

"नेईन. उद्या, एक दिवसासाठी. पण नीट ऐक. पुलावर पाय ठेवताना ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलायचं. 'येतो' म्हणेल तो दिवेलागणीला परत येईल. 'जातो' म्हणेल तो कायमचा तिकडचा. बोललेला शब्द मागे घेता येणार नाही. आणि पुलापलीकडे कुणालाही काही दुखत नाही, एवढं लक्षात ठेव."

शेवूने ते लक्षात ठेवलं, आणि तिला रडूच फुटलं.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. आईने मोजे रफू करायला घेतले. अंगठ्याचं भोक बुजवून तिने दोरा तोडला.

मग म्हणाली, "अहो, तुम्ही 'जातो' म्हणा."

"वेडी आहेस का? तुम्हाला टाकून?"

"इथे तुमचा श्वास मोजत बसते मी. तिकडे नीट आहात एवढं कळलं, तर मला झोप तरी लागेल."

बाबांनी शेवूकडे पाहिलं. शेवूला म्हणायचं होतं, नका जाऊ. पण ती म्हणाली, "आई बरोबर सांगतेय, बाबा." एवढंसं वाक्य, पण ते बोलताना तिचा जीव तुटत होता.

सकाळी दोघींनी बाबांना धरून, बसवत-उठवत बागेपर्यंत आणलं. आईने फाटकातच त्यांच्या पायात मोजे चढवले आणि मागे न बघता घरी निघून गेली.

पुलाशी परी वाट बघत होती. शेवू म्हणाली, "येते." मग बाबांनी एक पाय उचलला, डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "बरं, येतो."

बाबांनी पटकन तोंडावर हात धरला. पण उपयोग काय? आपल्याकडे 'जातो' म्हणायचं नसतं. दुकानात कोथिंबीर आणायला निघालं तरी 'येतो' म्हणायचं, नाहीतर मोठी माणसं डोळे वटारतात. चाळीस वर्षांचं वळण जिभेला, ते एका सकाळीत कसं मोडणार?

जपान मात्र वहीत होतं त्याहून सुंदर निघालं. एका आजीबाईंनी दारात वाकून त्यांचं स्वागत केलं आणि इवल्याशा निळ्या वाट्यांतून चहा दिला. रफूचे मोजे ऐटीत चटईवर टेकले. आजीबाईंचा नातू बाहेर निघाला आणि दारातून काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतोय, 'जाऊन येतो,'" बाबा म्हणाले. "माळीबुवांनी सांगितलं होतं. यांच्यातही नुसतं 'जातो' म्हणत नाहीत." आणि कितीतरी महिन्यांनी ते हसले.

पुढे वाफाळणारे झरे होते, पांढराशुभ्र बर्फ होता, आणि एकेक फांदी दोरीने तोललेला हिरवा पाइन होता. बाबा त्याच्याखाली उभे राहून छातीभर श्वास घेत होते. शेवूला ते बघवेना. संध्याकाळी हे सगळं संपणार होतं. तिने त्यांचा हात दिवसभर सोडला नाही.

दिवेलागणीला दोघं पुलावरून परत आले. बाबा कठड्याला धरून थांबले. आता खोकला येणार, हे त्यांना माहीत होतं. शेवूलाही माहीत होतं.

खोकला आला नाही.

"सकाळी पुलावरून तिघं गेले होते," परी हळूच म्हणाली. "तू, तुझे बाबा, आणि बाबांच्या छातीतला तो आजार. 'येतो' दोघंच म्हणालात. तिसरा गप्प राहिला, म्हणून त्याला मी आणलं नाही. मी फक्त ने-आण करते, बाळ." तिचे गुलाबी पंख उजळले, ओढा सोनेरी झाला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

त्यांची खोली टेकडीवरच्या वस्तीत होती, पंचेचाळीस पायऱ्या चढून. आजारात बाबा दर चार पायऱ्यांना बसायचे. आई अंधाऱ्या घरात दिवा न लावता बसली होती. तिने पायऱ्यांवर पावलांची चाहूल ऐकली. एक शेवूची. दुसरी भरभर वर येत होती, मध्ये कुठेही थांबत नव्हती. ही तिच्या ओळखीची नव्हती.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"आलो," बाबा म्हणाले.