वेलावरची पिवळी काकडी

भांडी बोलत असत तेव्हाची गोष्ट. मथुरावहिनींच्या परसातल्या वेलाला काकड्यांचा नुसता ऊत आला होता. कोशिंबीर, थालीपीठ, गोड धोंडस. खिसणीला उसंत म्हणून नव्हती. पण एक जाडजूड पिवळी काकडी वहिनी काही केल्या तोडत नसत. बहर ओसरल्यावर एकदा पाहुणे आले, टोपली रिकामी, तरी वहिनींनी ताकावर भागवलं.

खिसणीला राहवेना. "विळीताई, तिचेच एवढे लाड का गं?"

"मलाही कोडंच आहे बाई!"

वेल वाळला तेव्हा ती काकडी घरात आली. वहिनींनी तिच्या बिया राखेत घोळवून भिंतीला चिकटवल्या.

"एवढ्यासाठी राखली होती?" खिसणी फणकारली.

भिंतीवरची एक बी हसली. "अगं, तू यंदा पोटभर खिसलंस ना, ते गेल्या वर्षी इथंच चिकटलं होतं."