दोन्ही दिशा चुकीच्या

एकदा एका निवृत्त शिक्षिकेने वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचे ठरवले आणि त्यासाठी एका वृद्ध कारागिराचे शिष्यत्व पत्करले. चौतीस वर्षे तिने भौतिकशास्त्र शिकवले होते. धन-ऋण तिला नवे नव्हते. तीन आठवड्यांत सारे काम उरकले. उरला वीज साठवणारा, बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर. जुन्यावरची धन-ऋणाची खूण पुसली गेली होती, त्यामुळे नव्याची दिशा तिलाच ठरवायची होती. तो उलटा बसला तर जादा प्रवाहाने ट्रान्स्फॉर्मर जळेल आणि तसा आता कुठे मिळत नाही, हे वृद्धाने पहिल्याच दिवशी बजावले होते.

तिने पुस्तकाप्रमाणे ऋण टोक रेडिओच्या लोखंडी सांगाड्याला जोडले. वृद्धाने वाकून पाहिले, कटर उचलला आणि कंडेन्सरच्या दोन्ही तारा कापून टाकल्या.

"पुन्हा लावा."

तिने राग गिळला. दुसरा घेऊन धन टोक सांगाड्याला जोडले. कटर पुन्हा चालला.

"पुन्हा लावा."

आता मात्र तिचा तोल गेला. "अहो उस्ताद, कंडेन्सरला टोकं दोन, दिशा दोन. दोन्ही चुकीच्या कशा असतील? चौथीतली पोर समजता का मला?"

"मग एकदाही मीटर का उचलला नाहीत?"

तिने तो जवळजवळ हिसकावलाच. रेडिओ चालू करून मीटरची काळी तार सांगाड्याला आणि तांबडी कंडेन्सरच्या दुसऱ्या, रिकाम्या जोडाला लावली. उणे अकरा व्होल्ट. पुन्हा लावली. तेच. म्हणजे इथे सांगाडाच धन होता.

"दुसऱ्यांदा बरोबर होतं की! मग तोडलंत कशाला?"

वृद्ध शांतपणे म्हणाला, "बरोबर होतं. पण मी पहिला तोडला म्हणून तुम्ही दुसरा उलटा लावलात. रेडिओला काही विचारलं नाहीत, माझ्या तोंडाकडे पाहिलंत. बाई, बहुतेक जागी सांगाडा ऋण असतो, इथे नाही. ते मोजल्याशिवाय कळत नाही. आणि पुढच्या रेडिओपाशी मी नसेन."

तिने मीटर खाली ठेवला. तिला वर्गातली मुले आठवली. तिच्या भुवया उंचावल्या की मुले घाईघाईने उत्तर फिरवत, आणि त्या फिरवलेल्या उत्तरांवर ती निःशंकपणे बरोबरची खूण करत असे.

रेडिओ बंद करून, आतला विद्युतदाब उतरल्यावर तिने धन टोक सांगाड्याला जोडून तिसरा कंडेन्सर बसवला. बटणावर हात ठेवला आणि सवयीने मान वळवली. वृद्ध पाठमोरा उभा राहून चष्मा पुसत होता. ती चिडली, मग स्वतःशीच हसली, आणि न विचारता बटण फिरवले.

व्हॉल्व्ह तापेपर्यंतची अर्ध्या मिनिटाची शांतता तिला मुळीच लांब वाटली नाही. मग घरघर झाली, आणि कुणा निवेदिकेचा आवाज स्वच्छ उमटला.