गजेंद्ररावांचं तोंड कोण बंद करणार?

“भाषणात मला मध्येच गप्प करून दाखवा, नवी कोरी रुग्णवाहिका क्लबच्या दारात उभी करतो! पण माइकला हात लावायचा नाही, दिवे घालवायचे नाहीत, आणि ‘पुरे करा’ असं मला कुणी म्हणायचं नाही. म्हटलंत की पैज हरलात!”

एवढं बोलून मालमोटारींचे धनी गजेंद्रराव घाटगे यांनी मिशीला पीळ दिला आणि भाषणाची गाडी सोडली सुसाट. देवखिंडीच्या सेवा क्लबात ते त्या रविवारचे पाहुणे वक्ते. आणि विषय? ‘वेळेचे महत्त्व’! आता बोला!

वत्सलाताई लोणारी खुर्चीत पुढे सरकून बसल्या. भजीचं दुकान चालवणाऱ्या या बाई क्लबात सगळ्यांत नव्या, पण रुग्णवाहिकेची निकड त्यांच्याइतकी कुणाला कळणार? क्लबची जुनी रुग्णवाहिका परवा घाटात कायमची बंद पडली, तेव्हा आत त्यांच्याच सासूबाई होत्या! बिचाऱ्या टोमॅटोच्या टेम्पोत बसून दवाखान्यात पोचल्या. थोडक्यात निभावलं. पुढच्या पेशंटला टेम्पोही मिळाला नाही तर?

इकडे अध्यक्ष नेन्यांनी सभेची घंटा बडवली. “वा! घंटेवरून आठवलं,” म्हणत गजेंद्रराव थेट बालवाडीत शिरले. सेक्रेटरींनी शाल पांघरली, हातात नारळ दिला. नारळ बगलेत मारून भाषण पुढे चालू! मग साऱ्यांनी मिळून टाळ्यांचा कडकडाट केला, तर पाहुण्यांना आणखीनच चेव आला. काय म्हणावं या माणसाला!

शेवटी वत्सलाताई उठल्या. डोक्यावर पदर घेतला, चेहरा पाडला, आणि व्यासपीठाकडे ढुंकूनही न बघता सभासदांना म्हणाल्या, “मंडळी, आपली एक जुनी सोबतीण परवा आपल्याला सोडून गेली. सारी हयात रुग्णसेवेत घालवली हो तिनं! दोन मिनिटं उभं राहून तिला श्रद्धांजली वाहू या.”

खुर्च्या सरकल्या. सगळे माना खाली घालून उभे राहिले. आणि गजेंद्रराव? वाक्य अर्ध्यावर टाकून त्यांनीही मान खाली घातली, डोळे मिटून घेतले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“अरेरे! कोण हो गेलं?” दोन मिनिटांनी त्यांनी हळहळून विचारलं.

“आमची जुनी रुग्णवाहिका, रावसाहेब! घाटात गेली.”

“आँ! म्हणजे तुम्ही मला गप्प बसवलंत?”

“छे हो! तुम्हाला मी चकार शब्द बोलले नाही. मी सभासदांना उभं राहा म्हटलं. गप्प तुम्ही आपल्या माणुसकीनं झालात!”

गजेंद्रराव खो खो हसत सुटले. “हरलो, ताई, साफ हरलो! उद्या गाडी दारात, आणि किल्ली तुमच्या हातात! पण माझं उरलेलं भाषण?”

“त्याच गाडीत बसून करा की! तिचा भोंगा तुमच्या तोडीचा असेल!”

पोट धरधरून हसले गजेंद्रराव. आणि दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवत नवी रुग्णवाहिका वत्सलाताईंच्या दुकानापुढे हजर!