नाही म्हणायची जागा

“पण बाई, या सगळ्या कादंबऱ्या लग्नापाशीच का संपतात, याचं उत्तर मी दिलंय की!”

निनाद आवटीचा आवाज जरा चढलाच. अठराव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांमधलं प्रेम आणि लग्न, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. एकेचाळीस कादंबऱ्या त्यानं वाचल्या होत्या. विद्यापीठात कौतुकही झालं होतं. सांगलीला आपल्या जुन्या प्राध्यापिका प्रमिलाबाई हळब्यांकडे तो आला होता, तो शेवटची शाबासकी घ्यायला.

बाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. त्या अजून हातात पेन्सिल घेऊनच वाचत.

“काय उत्तर दिलंस?”

“लग्न म्हणजे नायिकेचं बक्षीस. ते मिळालं की गोष्ट संपली.”

बाईंनी प्रबंधाची पानं उलटली आणि एका नायिकेच्या नावावर पेन्सिल टेकवली.

“हिला बापानं खोलीत का कोंडलं?”

“श्रीमंत स्थळ नाकारलं म्हणून.”

“आणि ही?”

“हिनं नायकाला दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो.”

“त्या दोन नकारांना लेखकानं पानं किती दिली?”

“तीनशेच्या वर असतील.”

“होकाराला?”

“…एक ओळ.”

“मग नकारावरचं प्रकरण कुठाय?”



बाईंनी प्रबंध मिटला. “तुझं लग्न ठरलं म्हणे.”

“हो. इचलकरंजीची आहे. मृदुला. येत्या रविवारी साखरपुडा.”

“ती काय म्हणाली?”

“त्यांच्याकडून होकार आला.”

“ती काय म्हणाली, विचारलं मी.”

“तिचाही होकारच असणार, बाई.”

“तिला तू विचारलंस?”

“पाहायला गेलो तेव्हा सगळेच होते, बाई. तसा वेळ कुठे मिळतो…”

बाईंनी नुसतं दाराकडे बोट केलं.

तो फोन घेऊन अंगणात गेला. बाईंनी चहा केला, आपला पिऊन टाकला. त्याचा निवला.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“‘नको असेल तर मोकळेपणानं सांग,’ म्हटलं तिला.  ती म्हणाली, दोन दिवस द्या.”

“दे की.”

“बाई, हॉल ठरलाय. पाहुण्यांना कळवून झालंय. आणि ती नाही म्हणाली तर…?”

बाईंनी गार चहाचा कप उचलला.

“तर निदान तुमची ओळख झाली, म्हणायचं.”