पाठीवरचं कातडं

माळाला अजून तारेचं कुंपण पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. बिरा धनगराच्या कळपात कबरी नावाची एक मेंढी होती. तिचं कोकरू जन्मतःच मेलं. त्याच दिवशी दुसऱ्या एका मेंढीचा लांडग्यानं लचका तोडला. ती जगते की मरते असं झालं आणि तिचं कोकरू उपाशी ओरडत राहिलं. बिरानं धनगरांची जुनी युक्ती केली. मेलेल्या कोकराचं कातडं त्यानं या कोकराच्या पाठीवर बांधलं आणि त्याला कबरीपुढे सोडलं. कबरीनं त्याला हुंगलं, जराशी थबकली आणि मग पाजलं.

दोन महिन्यांनी जखमी मेंढी बरी होऊन कळपात परतली. तिची हाक ऐकताच कोकरू उधळलं ते थेट तिच्याकडे. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं.

कळपातली एक म्हातारी शेळी कबरीला म्हणाली, "फसलीस गं बाई. कातड्याला भुललीस."

"भुलले कुठे? वास माझ्या लेकराचा होता, पण आवाज नव्हता. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग पाजलंस कशाला? काय पडलं पदरात?"

"आलं तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं," कबरी म्हणाली. "आज कसं पळालं, पाहिलंस ना?"

मग ती कोपऱ्यात जाऊन बसली. त्या दिवशी तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही.

चार दिवसांनी बिरानं आणखी एक आईवेगळं कोकरू आणून तिच्यापुढे ठेवलं. ते थंडीनं लटलट कापत होतं. या खेपेला त्याच्या पाठीवर कातडं नव्हतं.